अप्पांचं पेंटियम आणि सहाची गाडी

इतर छापखान्यांत रद्दी साठते, आमच्याकडं किस्से साठले. रद्दी निदान दिवाळीआधी भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार? ते डोक्यात पडून राहतात आणि चहाला दोन माणसं जमली की एकेक वर येतो. मी फारसा बोलणारा माणूस नाही. चौथीत शाळा सुटली आणि गेवराईत अप्पांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. तिथं तोंडापेक्षा बोटंच जास्त चालायची. पण आमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा की नाही, हे ठरवायला अप्पांनी जी दोन वर्षं घातली, त्याबद्दल मलासुद्धा बोलल्याशिवाय राहवत नाही.

त्या दिवसांत गावात केबल आली होती, चौकाचौकात एसटीडीचे बूथ निघाले होते आणि लग्नपत्रिकेवर फोटो पाहिजे असं लोक म्हणायला लागले होते. अप्पांनी औरंगाबादहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. त्याला चारशे शहाऐंशी म्हणायचे. तो चालवायला तलवाड्याची सुनंदा आली. माझ्या खिळ्यांच्या केसेस मागच्या खोलीत गेल्या आणि मी तिची प्रुफं वाचायला लागलो. मला तिथं मामा म्हणायचे; मामांना बढती मिळाली, असं अप्पा सगळ्यांना सांगायचे. बढती म्हणजे स्टूल जाऊन खुर्ची आली.

पोरगी गुणाची. पानावर अक्षरं बसवताना तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात यायची, इतकं मन लावून काम करायची. अडचण एकच. तलवाड्याची शेवटची एसटी सहाला होती. पहिल्याच महिन्यात मशीन अडकलं आणि तिची गाडी चुकली. तेव्हा तिचे वडील लिंबाजीराव म्हणाले होते, एकदा माफ, पुन्हा गाडी चुकली तर नोकरी बंद. त्यामुळं साडेचार वाजले की आम्ही दोन घड्याळांकडं बघत बसायचो. भिंतीवरचं पळत असायचं आणि पडद्यावरचं वाळूचं जागचं हलायचं नाही.

* * *

औरंगाबादचे शेखभाई आमचे इंजिनियर. मशीन फार हळू चालतं म्हणून अप्पांनी त्यांना बोलावलं. त्यांनी डब्याच्या तोंडावर बघितलं. तिथं लाल आकडा होता, तेहतीस. शेजारी एक बटण होतं.

"अप्पा, हे टर्बोचं बटण कुणी बंद केलं?"

"मीच. आल्या दिवशी सहासष्ट दाखवीत होतं. एवढं कावून पळवायचं? माझी लूना मी कधी चाळीसच्या वर नेत न्हाई."

शेखभाईंनी बटण दाबलं. सहासष्ट आले. सुनंदानं आकड्याकडं बघितलं, मग अप्पांकडं, मग माझ्याकडं. आठ महिने ही पोरगी रोज पिशवी छातीशी धरून स्टँडपर्यंत पळत होती, आणि इकडं मशीन मालकाच्या हुकमानं रमतगमत चाललं होतं!

* * *

बटण दाबल्यावर चार-सहा महिने बरे गेले. मग फोटोंची फॅशन वाढली आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं. शेखभाई म्हणाले, आता प्रोसेसरच बदला, पेंटियम घाला. पण तो ह्या बोर्डावर बसणार नाही, म्हणून बोर्ड बदला. बोर्डाला जुनी रॅम चालणार नाही, तीही बदला.

अप्पा ऐकत राहिले. "म्हणजे बैलाचं शिंग मोडलं म्हणून गेलो, तर तुमी म्हणता दावं तेवढं जुनं ठिवा."

त्याच आठवड्यात तालुक्यातले एक पुढारी वाढदिवसाचं पत्रक बघायला आले. अप्पांनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरायला लागला. आधी फेटा आला. मग कपाळ आलं. चहा आला, पिऊन झाला, तेव्हा भुवया आल्या. त्यांच्याबरोबरचा कार्यकर्ता समजूत घालत होता, "थांबा साहेब, डोळे निघायलेत." डोळे निघाले आणि मशीन जे थांबलं ते थांबलंच.

पुढाऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "अप्पा, तोंड कधी येईल? चारला भाषण हाय माझं."

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, पेंटियमचा विचार करायला पाहिजे. मला वाटलं, चला, सुटलो. पण अप्पांच्या तोंडी विचार म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशिनींची पूजा होते. ट्रेडलला हळदकुंकू, कटिंगच्या मशिनीला हळदकुंकू. अप्पा स्वतः रोज कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. त्या वर्षी कॉम्प्युटरची पूजा त्यांनी स्वतःच केली, सकाळी लवकर, कुणी यायच्या आत.

दुसऱ्या दिवसापासून मशीन दुपार झाली की गार पडायचं. बंद करा, चालू करा, पुन्हा तासाभरात तेच. चार दिवस सुनंदा कंडक्टरच्या मेहरबानीवर घरी गेली. त्यानं बिचाऱ्यानं रोज घंटी मारायला मिनिटभर उशीर केला.

पाचव्या दिवशी शेखभाई आले. डबा उघडला, प्रोसेसरवरचा पंखा उचलला आणि तसेच वाकून राहिले.

"अप्पा, हे पांढरं काय हाय?"

"भस्म."

"हितं?"

"मग कुठं लावायचं? हे कॉम्प्युटरचं डोकं हाय म्हणून तुमीच सांगत व्हते की."

प्रोसेसरवर तीन पट्टे होते, अगदी सरळ. शेखभाई खाली बसले. स्वतःच्या रुमालानं हळूहळू पुसून काढलं आणि हात जोडून म्हणाले, पुढच्या साली डब्याला लावा, देवाला तेवढं पोचतं. मशीन पुन्हा पहिल्यासारखं चालायला लागलं. पहिल्यासारखं म्हणजे हळू. पण अप्पा खूश. चालतंय की, मग नवं कशाला?

* * *

मी एकदा धीर करून म्हणालो, अप्पा, पेंटियम कुठंतरी चालताना बघून तरी या. हे त्यांना पटलं. बीडला त्यांच्या ओळखीच्या छापखान्यात नवं पेंटियम आलं होतं. आमच्याच एका पत्रिकेचा कागद आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन अप्पा गेले. संध्याकाळी आले ते हसतच.

"मामा, वाचलो! आपल्याकडं ही पत्रिका एका तासात निघते. तिथं दीड तास लागला. पेंटियम आपल्यापेक्षा हळू हाय."

मला पटेना. मी एकेक विचारत गेलो. कागद दिला तेव्हा तिथला ऑपरेटर डबा खात होता. मग त्यानं विड्याचं पान लावलं. मग अर्धा तास लाईट गेली. अप्पांनी घड्याळ कुठंच थांबवलं नव्हतं.

मी म्हणालो, "अप्पा, लाईट गेली तेव्हा तरी थांबवायचं."

"कावून? लाईट आपल्याकडं बी जाती. न्याय दोघांला सारखा पायजे."

सुनंदानं कीबोर्डवर डोकं टेकलं. पडद्यावर एकाच अक्षराची लांब ओळ उमटत गेली. तीसुद्धा सावकाश.

* * *

आणि मग लग्नसराईत ती दुसरी गाडी चुकली. एका पत्रिकेवर दोन्हीकडच्या लहान पोरांचे फोटो घालायचे होते, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणून. ते मशीनला झेपले नाहीत. सुनंदा दिवेलागणीला काळ्यापिवळ्या जीपमधून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती दुपारी चारला, लिंबाजीरावांबरोबर. डोळे सुजलेले. ते दारातूनच म्हणाले, "अप्पा, पोरगी न्यायला आलोय. कपाटाची किल्ली दे गं त्यांची."

तिनं किल्ली टेबलावर ठेवली. मग खालमानेनं म्हणाली, एक पत्रिका अर्धी राहिली आहे, लोकांचं कार्य अडेल, तेवढी काढते आणि निघते. लिंबाजीराव म्हणाले, दहा मिनिटं. मी माझी खुर्ची त्यांना दिली. मला तेवढंच करता आलं.

"दिवसभर खुर्चीवर बसून एक कागद व्हईना तुज्यानं?" ते म्हणाले. थोड्या वेळानं, "आता कावून थांबलीस?"

"मी न्हाई थांबले, दादा. हे थांबलंय."

प्रिंटरमधून कागद बोटभर बाहेर यायचा आणि मशीन विचारात पडायचं. पुन्हा बोटभर. लिंबाजीराव जांभई देत बघत होते. नवरीचं नाव आलं, तसे ते सरळ बसले. ही तर त्यांच्या मावसभावाची लेक. आता पत्रिकेत खाली पाहुण्यांची नावं येणार आणि त्यात आपलं आहे की नाही, हे कळल्याशिवाय आमच्याकडचा कोणता माणूस उठेल?

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. काकांची नावं आली. थांबलं. मामांची आली. थांबलं. "चल गा राजा," ते बैलाला म्हणावं तसं प्रिंटरला म्हणायला लागले. साडेपाचला सुनंदा म्हणाली, दादा, निघू या. "बस की, आत्याकडचे यायलेत." पावणेसहाला मी म्हणालो, लिंबाजीराव, गाडी. त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला.

शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांचं नाव निघालं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी गरम भाकरीसारखा उचलला, नावावरून बोट फिरवलं आणि मग भिंतीकडं बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अप्पांनी टेबलावरची किल्ली उचलून सुनंदासमोर ठेवली आणि फोन ओढून घेतला. "शेखभाई, ते पेंटियम घेऊन या. व्हय, बोर्डासकट." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचार करू म्हटलं नाही.

लिंबाजीरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. दारात वहाणा चढवताना खाली बघतच ते लेकीला म्हणाले, "सुनंदे, गाडी कावून चुकली ते तुज्या मायला तूच सांग. माझ्यावर तिचा इसवास बसायचा न्हाई."