वरच्या टोकाला तेल नको

"घाई हाय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घाई आहे म्हटलं की गाडीचा मीटर कागदात गुंडाळून परत. "मग दुसरीकडं दावा." कराडच्या स्टँडमागे या म्हाताऱ्या मीटरवाल्यांची टपरी होती. जुन्या गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त करण्यात सातारा-सांगलीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काच उघडली की ते श्वास रोखून काम करीत. मध्येच कोणी बोललं, तर मान वर न करता नुसतं एक बोट वर करीत. तुम्हीही असा कारागीर पाहिला असेल.

मी खताचं दुकान शून्यातून उभं केलं. दर पाडल्याशिवाय मेथीची जुडी घेत नाही. या माणसाने मात्र पहिल्याच दिवशी मला गप्प केलं. "आवं शेट, मीटर तुमचा, दर माझा." तेव्हापासून मी मनात राग धरला.

माझ्याकडे स्टिअरिंगपाशी गिअर असलेली जुनी काळी गाडी आहे. तिचा वेगाचा काटा वीस ते साठ थयथय नाचायचा. त्यांनी गिअरबॉक्सकडून येणारी केबल बदलली, मीटर साफ केला. काटा शहाण्यासारखा चालू लागला. निघताना म्हणाले, "केबलच्या वरच्या टोकाला तेल लावू नगा. मीटरात चढतंय."

तेलाने कधी यंत्र बिघडतं का? पुन्हा आपल्याकडे यायला लावायचा हा डाव, असं मी ओळखलं. घरी येऊन त्याच टोकात शिलाई मशीनचं तेल ओतलं, अर्धी बाटली.

महिनाभरात काटा परत नाचायला लागला. त्या दिवशी व्याही बरोबर होते. टपरीपुढे उतरलो आणि तोंड सोडलं. "आतलं ओरिजनल काढून भंगार बसवलंस! चोर हायस तू!" वयाने वडील माणसाला अरेतुरे. चहाच्या गाड्यावरची माणसं जमली.

त्यांनी मीटर उघडला. आत पाहिलं, मग माझ्याकडे, मग व्याह्यांकडे. "बसा. करून देतो," एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

"बघितलं?" मी व्याह्यांना म्हणालो. "चोर सापडला की पैसे मागत नाही."

मग जुन्या गाडीवाला जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो : कराडच्या म्हाताऱ्याकडे देऊ नका, आतला माल बदलतो.

गेल्या वर्षी काच तडकली म्हणून सांगलीत मीटर उघडायला दिला. झाकणाच्या आत पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. केलेल्या कामाची नोंद ते तिथे ठेवत, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटची ओळ होती : 'मालकाने तेल घातलं. साफ केलं.'

हेच वाक्य ते त्या दिवशी मोठ्याने बोलले असते, तर व्याह्यांसमोर माझी शोभा झाली असती. त्यांनी ते पेन्सिलीने लिहिलं आणि झाकण लावलं.

मी तसाच कराडला गेलो. टपरी बंद. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "वारलं की ते. आवं, शेवटी शेवटी गिऱ्हाईकच येत नव्हतं. नुस्तं बसून असायचं."

परवा साताऱ्यात जुन्या गाड्या जमल्या होत्या. जतकडच्या एका गृहस्थांनी माझ्या काट्याचं कौतुक केलं. कोणी केला, विचारलं.

"कराडचे मीटरवाले. वारले आता."

"त्यो म्हातारा? आतला माल बदलायचा म्हणं."

माझेच शब्द. मान खाली गेली. "खोटं आहे ते. मीच उठवलं. तेल मी घातलं आणि चोर त्यांना ठरवलं."

ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेलेल्या माणसाची बाजू घेताय व्हय? लय भोळं हाय तुमी, शेट."