ड्रमकॅरा घराण्याच्या इतिहासातून मी गाळलेलं लग्न

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जाईपर्यंत नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो. आज एक्क्याऐंशीचा आहे, आणि मी लिहिलेलं एक पुस्तक अजून लायब्ररीत आहे. त्यात खोटं आहे.

ग्लासगोत डॉक्टरकी करून निवृत्त झालो. वंशावळी जुळवायचा नाद जुनाच. माझे एक पेशंट होते — आयर्लंडमधल्या ड्रमकॅरा घराण्याचे बॅरन, म्हणजे वंशपरंपरागत पदवीचे लॉर्ड. त्या पदवीचा इतिहास त्यांनी मला लिहायला सांगितला. दर रविवारी लॉर्डांकडे जेवण! "अहो, टाय नीट बांधा, दरबारात चाललाय," बायको चिडवायची. मी हसायचो. पण आतून — खरं सांगू? — सुखावायचो. इतकी वर्षं इथे काढून अशा टेबलावर मला कुणी बसवलं नव्हतं.

मी हा इतिहास लिहितोय हे कळल्यावर मार्गारेट आली. आमच्या वॉर्डची जुनी सिस्टर. मी नवखा होतो, इथली बोली कळायची नाही, तेव्हा म्हणायची, "डॉक्टर, पेशंट शिव्या देतोय की आभार मानतोय, ते आधी मला विचारत जा." तिची आजी ड्रमकॅरांच्या घरी कामाला होती. तरुण वारसाबरोबर पळून ग्लासगोला आली. वर्षभराने तो परत गेला, मोठ्या घरची मुलगी केली आणि बॅरन झाला — तेच माझ्या लॉर्डांचे आजोबा. आमचं लग्न झालं होतं, असं आजी मरेपर्यंत सांगत राहिली. कुणी मानलं नाही. मार्गारेटच्या वडिलांना जन्मभर अनौरस म्हणून हिणवलं गेलं.

"पदवी नकोय मला," ती म्हणाली. "ती मुलाकडे जाते, आणि बाबांना मी एकटीच. आजीच्या थडग्यावर नवऱ्याचं आडनाव कोरायचंय, बस."

आणि ते लग्न मला सापडलं. इथल्याच एका चर्चच्या वहीत — दोघांच्या सह्या, साक्षीदार, तिच्या वडिलांच्या जन्माआधीची तारीख. पहिली बायको जिवंत असताना दुसरी केलेली! म्हणजे अनौरस ठरत होते ते माझ्या लॉर्डांचे वडील. लॉर्डांची पदवीच खोटी.

मी काय केलं? वही मिटली. मार्गारेटला फोन केला. "काही सापडलं नाही." इतक्या सहज — रिपोर्ट नॉर्मल आलाय म्हणून सांगावं तसं! माझाच आवाज ऐकून मी हादरलो. हा मी? पलीकडून ती म्हणाली, "म्हणजे म्हातारी खोटंच बोलायची. तुम्हाला उगाच त्रास दिला, डॉक्टर."

खाल्ल्या मिठाला जागलो, असं मी मनाला सांगत राहिलो. पण कुणाच्या मिठाला? पहिल्या हिवाळ्यात, नाइट ड्यूटीला, आपल्यातलं अर्धं सँडविच माझ्यासमोर सरकवणारी कोण होती?

लॉर्ड वारले. तरी मी गप्पच. गेल्या वर्षी त्या नोंदीची प्रत घेऊन मार्गारेटच्या केअर होममध्ये गेलो. तिनं तिथल्या नर्सला हाक मारली. "हे बघ, हे आमचे डॉक्टर. माझ्या आजीसाठी किती शोधलं यांनी!" प्रत कोटाच्या खिशातच राहिली. मी चहा प्यायलो. हवेविषयी बोललो. पुढच्या महिन्यात ती गेली.

मार्गारेट, तुझ्या आजीचं लग्न झालं होतं. ते मी डोळ्यांनी वाचलं होतं. मी तुझा अपराधी आहे.