बिराजदार सरांची टाच

बिराजदार सर गेल्याचं मला पेशंटकडून कळलं, त्याला आता दीड महिना झाला. "पाय कापूनबी उपयोग झाला न्हाय बघा, मॅडम," पालथी पडल्या पडल्या ती बाई म्हणाली आणि मी तिच्या कमरेवर शेकाच्या मशीनचं हेड तसंच फिरवत राहिले... हात थांबला असता तर ती भाजली असती. हे सरांनीच शिकवलेलं.

सात रस्त्याजवळच्या त्यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी अल्ट्रासाऊंडचा शेक द्यायला शिकले. माणूस लई हुशार, जीभ मात्र जहरी. एकदा माझा हात जरासा थांबला, तर भरल्या दवाखान्यात त्यांनी माझ्याच कोपराच्या हाडावर हेड दाबून धरलं. मी किंचाळले. "आता कळलं? इस्त्री टेकवल्यागत ठेवतीस व्हय? फिरव की!" पेशंट खो खो हसले. हा माणूस मरावा असं मला त्या दिवशी वाटलं, खोटं कशाला सांगू!

पुढे मी स्वतःचा दवाखाना काढला. गेल्या वर्षी सर लंगडत माझ्याकडेच आले. टाच दुखत होती, साखरेचा आजार जुना. शेकाआधी कातडीला गरम-गार कळतं का, हे बघावंच लागतं. मी त्यांना डोळे मिटायला लावून टाचेला पाणी भरलेली काचेची नळी टेकवली. "गार," ते म्हणाले. गरम होती. पुन्हा चुकले. तिसऱ्या वेळी डोळे किलकिले करून बघायला लागले, तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कॉपी करताय व्हय, सर? पाय मेलाय तुमचा. मशीन मिळणार नाही. चला, पुढचा पेशंट!" कुणीतरी फिसकन हसलं. मला बरं वाटलं... फार बरं वाटलं. घरीही शेक घेऊ नका, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही. एवढे मोठे सर, त्यांना माहीत नाही का!

सर गेल्यावर घरी भेटायला गेले तेव्हा सरांच्या मिसेस, आमच्या काकू, स्वयंपाकघरात होत्या. गॅसच्या कट्ट्यावर फडक्यात गुंडाळलेली वीट होती. "टाच शेकायला रोज तापवायला लावायचे. मी म्हणायची, अहो, लई गरम हाय. तर म्हणायचे, मला कळतंय सगळं, त्या पोरीला दाखवतोच." मग फोड आला, चिघळला, पाय कापला. पुढचं मला माहीत होतं.

मी विटेवरचं फडकं नीट केलं.

"तुझी तपासणी बरोबर होती ना गं?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"मग झालं की," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला वळल्या.