रिकाम्या इंजिनाची डरकाळी

ताडकळसच्या रस्त्यावर माझं अन् माझ्या गुरुबंधूचं, अशी इंजिन दुरुस्तीची दोन दुकानं समोरासमोर. उस्तादांकडं काम शिकायला तो माझ्या मागून आला, माझ्या हाताखाली नट धुतले त्यानं, आणि गिऱ्हाईक मात्र त्याच्या दारात! सकाळी दुकान उघडलं की मी आधी तिकडंच बघायचो, किती इंजिनं उभी आहेत ते.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत परभणीच्या एसट्या बंद होत्या, शहरातला मेकॅनिक येईना. म्हणून गावातल्या मोठ्या मालकांनी ट्रॅक्टर माझ्याकडं धाडला. काळ्या रानात नांगर रुतला की इंजिन दम टाकायचं. हे जमलं की मालकांच्या विहिरींवरची सगळी इंजिनं आपली, एवढंच माझ्या डोक्यात. मी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. बाजारचा दिवस होता. रेस दिली तसं इंजिन असं डरकाळलं, की बैल बुजले. लोक म्हणाले, "वा मिस्तरी!" मी मुद्दाम समोरच्या दुकानाकडं बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रानात काळाकुट्ट धूर, रेडिएटरचं पाणी उकळलेलं. मालकांनी निरोप धाडला, तो त्याला! मीही गेलो, जळफळत.

त्यानं आधी पाना उचललाच नाही. ड्रायव्हरला नांगर लावायला सांगितला अन् तंबाखू मळत ट्रॅक्टरच्या बाजूनं चालत राहिला. अर्ध्या रेसवर धूर बघितला, पूर्ण रेसवर बघितला, नांगर रुतल्यावर बघितला.

"भाऊ, रिकामं इंजिन कायबी दिलं तरी खूश हाय," तो मला म्हणाला. "ओढताना बघा. डिझेल कमी न्हाई, उशिरा यायलंय. स्पीड पडला की लगेच मिळाया पायजे."

माझा स्क्रू त्यानं मागं घेतला, स्पीड सांभाळणाऱ्या गव्हर्नरची सैल स्प्रिंग बदलली. झालं! धूर गेला, नांगर सरळ निघाला. अरे, मला का नाही सुचलं हे? उस्ताद तर एकच होते आमचे! त्याला काय चोरून शिकवलं होतं का?

तेवढ्यात मालक घरून आले. चालता ट्रॅक्टर बघून लय खूश. "काय झालतं रं?"

"काय न्हाई मालक," तो हात पुसत म्हणाला. "एक स्प्रिंग सैल होती. भाऊंनीच हुडकली. मी निस्ता बघाया आलतो."

त्यानं चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर परवडलं असतं. मालकांच्या विहिरींवरची सगळी इंजिनं माझ्याकडं आली. एकेक उघडायला बसलो की वाटायचं, हेबी त्यानंच दिलंय.