मामेबहिणीचं गतिशास्त्र

माझी मामेबहीण ज्या गावात असते, त्या गावात पृथ्वी जरा जास्त जोरात फिरते, असं आमच्या अख्ख्या घराण्याचं मत आहे. ती नांदेडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणजे गती, बल, घर्षण वगैरे. पण हा विषय तिनं निवडला की विषयानंच तिला धरलं, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. ती खुर्चीत बसली तरी बसलेली दिसत नाही. पाय हलत असतो, बोटं टेबलावर नाचत असतात, आणि समोरचा चहाचा कप सरकवून एकदम थांबवत ती तुम्हाला विचारते, "दादा, आता सांग, कप थांबला तरी चहा का थांबत नाही?" उत्तर सुचेपर्यंत चहा आपल्या पँटीवर आलेला असतो.

दर शनिवारी ती एसटीनं लातूरला माहेरी येते आणि जागा रिकामी असली तरी उभी राहते, तीही दांडीला न धरता. ब्रेक लागल्यावर शरीर पुढं कसं जातं, हे म्हणे स्वतःच्या हाडांना कळलं पाहिजे. एकदा अहमदपूरच्या अलीकडं ड्रायव्हरनं म्हैस वाचवली आणि ही थेट कंडक्टरच्या अंगावर. तो बिचारा म्हणाला, "ताई, बसा की, शिट रिकामं हाय." ही म्हणाली, "बसले तर कळणार कसं?" तर एकदा वजनकाटा घेऊन, विद्यार्थ्यांचं लेंढार मागं लावून, ती एका दुकानाच्या लिफ्टमध्ये शिरली. वॉचमन धावत आला, "ओ म्याडम, काय करून राहिले?" "वजन करून राहिले, भाऊ. लिफ्ट वर निघताना काटा जास्त दाखवतो, खाली निघताना कमी." हे ऐकून लिफ्टमधली एक धिप्पाड बाई लगबगीनं पुढं सरकली, "मग माजं खाली निघतानाच करा, माय."

गेल्या वर्षी मामांना अर्धांगवायू झाला. उजवा पाय गेला, मग थोडा परत आला. पण एकदा न्हाणीत पडले आणि त्यांनी चालण्याचं नावच टाकलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाला ते भिंतीकडं तोंड करून उत्तर देत. मामेबहीण यायची, पलंगाभोवती घिरट्या घालायची, ओरडायची, रडायची, पुन्हा ओरडायची. आम्हाला वाटायचं, ही आता वडिलांना उचलूनच चालवणार. मामा एवढंच म्हणत, "न्हाई जमत, पोरी. पाय उचलतच न्हाई."

एका शनिवारी मी तिथंच होतो. ती मामांच्या स्लीपर हातात घेऊन तळवे बघत होती. झिजून काचेसारखे गुळगुळीत झालेले, आणि खाली चकचकीत फरशी. ती तशीच बाजारात गेली आणि खरबरीत रबरी तळव्याच्या चपला घेऊन आली. खाली बसून तिनं त्या स्वतः मामांच्या पायात घातल्या.

"अण्णा, पाय उचलायचा विचारच सोडा. तुम्ही जमिनीला मागं ढकला. ती तुम्हाला पुढं ढकलील."

"आन् तिनं न्हाई ढकललं तर?"

"आजवर कुणाला फसवलं नाही तिनं."

 मामा एका हातानं माझा खांदा, दुसऱ्यानं तिचा हात धरून उठले. पाऊल घासत पुढं गेलं. दुसरं गेलं. दाराशी पोचले आणि तोल गेला. तिनं त्यांना मिठी मारून धरलं आणि दोघं मिळून हळूहळू उंबऱ्यावर टेकले. मामी आतून किंचाळत आल्या, तर मामा हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

आता शनिवारी संध्याकाळी दोघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जातात. परवा मी स्कूटरवरून येताना लांबून पाहिलं. मामा विजेच्या खांबाला टेकून दम खात होते. ती शेजारी उभी होती. मला वाटलं, आता खांबाचं काहीतरी गणित निघणार. जवळ आलो, तर मामा विचारत होते, "काय गं, आज गप का?"

"काही नाही, अण्णा. घ्या दम. मला कुठं जायचंय?"

मी हाक मारणार होतो. पण मग स्कूटर हळूच अलीकडच्या गल्लीत वळवली.