अक्कांच्या हातात बंद पडणारी गाडी

गाडी बंद पडत नव्हती, हीच पंचाईत होती.

रंकाळ्याला दोन चकरा मारल्या. एसी लावून, हेडलाइट लावून, सिग्नलला मुद्दाम थांबवून बघितली. सोळा वर्षांची म्हातारी, पण बंद पडायचं नावच घेईना. गॅरेजवर परत आलो, तर अक्कांचा मुलगा अभिजित हाताची घडी घालून दारात उभा.

"मी म्हणलं न्हवतं? गाडीत काय न्हाय. आईच्याच हातात बंद पडत्या. क्लच जमंना झालाय तिला."

अक्का मलकापूरजवळच्या एका गावात राहतात. बायकांच्या दूध संस्थेच्या सचिव. वय एकसष्ट, गाडी त्यांचीच. त्या बाकड्यावर मांडीवर पर्स धरून बसलेल्या. अभिजितनं गाडीला गिऱ्हाईक बघितलेलं, पाच वाजता येणार होतं. गाडी गेली की अक्कांनी परत एसटीच्या थांब्यावर उभं राहायचं.

"अकरा वर्सं चालवतो मी," अक्का एवढंच बोलल्या.

आमचे मिस्त्री बापू, म्हणजे गॅरेजचे मालक, वैतागलेले. गाडी तिसऱ्यांदा आलेली. पहिल्यांदा त्यांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा थ्रॉटल बॉडी साफ केली. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा सोडायचं दार. त्यात घाण बसली की गाडी उभ्या उभ्या दम टाकते. आज बिघाड शोधायचा स्कॅनर लावला. स्कॅनरनं पण हात वर केले.

आता मला एक खोड हाय. मी नकला करतो. गॅरेजला येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज तोंडानं काढतो. बापूंचा पण काढतो, ते नसताना. एकदा बापूंच्या आवाजात फोन उचलला, "बोला पावणं, काय तरास?" तर पलीकडं बापूच होते.

तर मी अक्कांपुढं बसलो. म्हणलं, "काकू, बंद पडताना कशी पडते ते सांगू नका. आवाज काढून दाखवा."

"काय तरीच काय."

"आधी मी काढतो. पेट्रोल कमी पडलं की अशी: घुर्र, घुर्र, खॉक, फुस्स. आजारी माणसागत. क्लच चुकला की हिसका बसतो: धड, धड, धडाक. आता तुमची."

अक्कांनी पोराकडं बघितलं. पदर सारखा केला. मग "घुर्रर्रर्र" असा लांब आवाज काढला आणि मध्येच गप झाल्या. तोंड तसंच उघडं.

बापू हसले, मी हसलो, अक्का पण हसल्या. अभिजित नाही हसला.

"हिसका न्हाय?" मी विचारलं.

"न्हाय की. लाईट गेल्यागत. रेडिओ पण गप हुतोय."

बापूंचा हात बॉनेटवरच थांबला. क्लच चुकला तर इंजिन बंद पडेल, रेडिओ कशाला बंद पडतोय? म्हणजे करंटच जात होता.

"आवो अक्का, ह्ये आदी का न्हाय सांगितलं?"

"इचारलं कुनी?"

बॅटरीचं टर्मिनल हलवून बघितलं. घट्ट. फ्यूज बरोबर. वायरिंगला उंदीर लागलेला नाही. मी म्हणलं, "चला काकू, आता तुम्हीच चालवा." मी शेजारी बसलो, अभिजित मागं.

गॅरेजच्या मागच्या गल्लीत तीन स्पीड ब्रेकर हायत. पहिल्या ब्रेकरवर गाडी चढली, उतरली आणि गप. रेडिओ गप, दिवे गप.

"बघितलंस?" मागनं अभिजित.

मी अक्कांचा डावा पाय बघत होतो. क्लच पूर्ण दाबलेला. त्या पायाची काहीच चूक नव्हती. मग नजर वर गेली, आणि स्टेअरिंगखाली एक जुडगा डुलताना दिसला. मोकाट म्हशीच्या गळ्यात लोढणं असतंय ना, तसा.

"ह्ये काय?"

"किल्ल्या. संस्थेचं दार, कॅनची खोली, दूध तपासायच्या फॅट मशीनचं कपाट, हिरीवरची मोटार, घर."

"मगाशी मला गाडी दिली तवा हे नव्हतं."

"संस्थेच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात द्यायच्या न्हायीत. गाडीची तेवढी काढून देतो. आताच परत लावली."

मी मागं वळलो. "तुमची किल्ली?"

अभिजितनं खिशातनं दुसरी किल्ली काढली. एकटी, सुतळीला बांधलेली.

किल्ली जिथं फिरवतो तिथं आत इग्निशन स्विच असतो. सगळ्या गाडीचा करंट त्याच्यातनं जातो. अकरा वर्षं एवढं वजन लोंबून आतला स्विच झिजला होता. गाडी आदळली की जुडगा हिसडा मारायचा आणि करंट तुटायचा.

खात्री करायची म्हणून दुसऱ्या ब्रेकरला जुडगा मी हातात उचलून धरला. गाडी आरामात गेली. तिसऱ्याला सोडला. गप.

"परत एकदा," अक्का म्हणाल्या. त्यांना मजा वाटायला लागली होती. आम्ही सहा वेळा केलं.

अभिजित खाली मान घालून बोलला, "आई, मला वाटलं तुझ्यानं हुईना आता. घाटात बंद पडली असती तर? झोप लागत न्हवती मला."

"मग मला इचारायचं. गिऱ्हाईक कशाला बघायचं?"

बापूंनी नवा स्विच बसवला. जाता जाता किरकिरणाऱ्या दाराला ग्रीस लावलं, वायपरचं रबर बदललं. पाचला गिऱ्हाईक आलं, गाडीभोवती फिरलं, टायरला लाथ मारून बघितली.

अक्का म्हणाल्या, "पावणं, च्या घ्या. गाडी न्हाय इकायची."

गाडीची किल्ली त्यांनी सुतळीत अडकवली. जुडगा पर्समध्ये टाकला. आणि मलकापूरला स्वतः चालवत गेल्या, अभिजितला शेजारी बसवून.

तेव्हापासून आमच्याकडं गाडी आली की बापू आधी किल्ली तळहातावर तोलून बघतात. ड्रायव्हर बाई हाय का बाप्या, ते नंतर. अक्का आता काही झालं की फोन करतात. नमस्कार नाही, काही नाही. थेट आवाज.

परवा आला: "किर्र, किर्र, टक."

मी म्हणलं, "मागचं डावं चाक. उद्या आणा."

तिकडनं अक्का म्हणाल्या, "गाडी न्हाय रं. संस्थेचं फॅट मशीन हाय."