फुलामावशीची पिठोरी

फुलामावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून पिठोरीची कहाणी तिच्या घरी तीसेक वर्षं मी वाचली. नाशिक रोडला आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. श्रावणातली अमावस्या आली की दुपारी भिंतीवर दोन थापा पडायच्या आणि मी चष्मा पुसायला घ्यायचे. कॅलेंडरात त्या चौकटीत 'मातृदिन' असं छापलेलं असतं. मे महिन्यातला केकवाला मातृदिन आमच्याकडे फार नंतर आला. हा आमचा जुना, कणकेचा.

मावशी नांदगावकडची. लग्न होऊन इथं आली, पहिली मुलगी झाली, राखी. मग दोन मुलगे झाले आणि दोघेही बारशाआधीच गेले. तेव्हा सासूनं तिला पिठोरीचं व्रत धरायला लावलं, आणि पुढचा योगेश जगला. व्रत योगेशसाठी आहे, हे घरात सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की कुणी कधी बोलूनही दाखवलं नाही. राखी आधीचीच. तिला जगायला व्रत लागलं नव्हतं.

रीत अशी, की कणकेच्या चौसष्ट योगिनी करायच्या, संध्याकाळी त्यांची पूजा करायची. मग आईनं खीर-पुरीची वाटी डोक्यावरून मागे धरायची आणि वळून न बघता विचारायचं, "अतिथी कोण?" मागे उभ्या लेकरानं आपलं नाव सांगून वाटी घ्यायची. कणीक मळायची राखी, खीर आटवायची राखी, आणि "मी योगेश" म्हणायला योगेश. नऊ-दहा वर्षांची असताना एकदा राखीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मावशी म्हणाली, "तू हो बाजूला, त्याला घेऊ दे." त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही. शाळेत शिक्षिका झाली, लग्नाचं बघता बघता राहून गेलं, वडील गेल्यावर घर तिनंच ओढलं. मला मावशीचा राग यायचा. पण दरवर्षी मीही पोटभर खीर खाऊन गुपचूप घरी यायचे, मग तो राग कसला!

गेल्या माघात नाशिकच्या द्वारका चौकाजवळ ट्रकनं योगेशच्या मोटारसायकलला उडवलं. जागीच गेला. चौतीस वर्षांचा होता.

मावशी रडली नाही, याचीच आम्हाला धास्ती वाटायची. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. यंदा अमावस्येला भिंतीवर थाप पडली नाही, तेव्हा मीच पोथी घेऊन गेले. मावशी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"चौसष्ट जनी मिळून एकाला सांभाळू शकल्या नाय," ती म्हणाली. "आता काय करायचं हाय त्यांचं? कनीक मळू नको, राखे."

राखीनं कणीक मळून योगिनीही मांडल्या होत्या, खीरही झाली होती. "आई, मी आहे ना," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिनं आईकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मावशीनं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

मला काय करावं सुचेना, म्हणून मी पोथी उघडून वाचायलाच लागले. कहाणीतल्या बाईची मुलं जन्मतात आणि याच अमावस्येला मरतात. सातव्या वेळी सासू मेलेलं बाळ तिच्या ओटीत घालून तिला घराबाहेर काढते. ती रानात जाऊन झाडावर बसते. झाडाखाली देवकन्या येतात, पूजा करतात आणि नैवेद्य धरून विचारतात, अतिथी कोण? ती खाली उतरते आणि म्हणते, मी.

तिथं मी थांबले. तीस वर्षं वाचूनही माझ्या टाळक्यात हे शिरलं नव्हतं. या दिवशी पहिल्यांदा 'मी' म्हणालं ते कुणाचं लेकरू नव्हतंच. ती लेकरू गमावलेली आई होती. पुढे तिची सातही मुलं जिवंत होतात. ते मी वाचलं नाही.

राखीनं हात धुतले आणि खिरीची वाटी घेऊन पूजेपुढे उभी राहिली. "आई, आज तू मागे ये. मी विचारते."

"तुला लेकरू नाय. तुला चालत नाय."

"त्या देवकन्यांना तरी कुठे होतं?"

मी मावशीला हाताला धरून उठवलं. अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. तिला राखीच्या मागे उभं केलं आणि मी पुढे येऊन थांबले. राखीनं वाटी डोक्यावरून मागे धरली.

"अतिथी कोण?"

राखीनं वाटीची पकड बदलली. तिचा चेहरा मला समोर दिसत होता. 'राखीची आई', एवढं एकदा तिला ऐकायचं होतं, आणि देवाशपथ, मीही मनातल्या मनात तेच मावशीच्या तोंडात घालत होते.

"मी," मावशी म्हणाली. "योगेशची आई."

आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

राखीनं डोळे मिटले. वळून बघायचं नसतं, तिनं बघितलं नाही. "घे, आई," ती म्हणाली, आणि मावशीनं घेईपर्यंत वाटी तशीच धरून राहिली.